ब्रेक मोठे केले, तरी गाडी लवकर थांबते का?

स्पोर्ट्स कारसाठी महागडे ब्रेक : रस्त्यावरचा उपयोग, मर्यादा आणि कायदा

सौंदड (जि. गोंदिया) : नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोली ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरतो, तेव्हा सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे पहिल्या काही मोठ्या गावांपैकी एक लागते. जुन्या लोकांच्या तोंडी आजही 'सहा नंबर' असलेला हा रस्ता २०१०च्या फेरक्रमांकनानंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ झाला. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील स्थानक, आठवडी बाजार, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल, असे या परिसराचे रूप आहे. याच रस्त्यावरून नागपूर, रायपूर आणि भिलाईकडील शक्तिशाली इंजिनाच्या मोटारीही धावतात. रुंद आणि सरळ रस्ता वेगाला आमंत्रण देतो. मात्र त्याच रस्त्यावर धानाने भरलेला ट्रॅक्टर, शाळेतून परतणारी सायकलस्वार मुले, म्हशींचा कळप किंवा रानडुकरांची टोळी कोणत्याही क्षणी समोर येऊ शकते.

अशा मोटारींच्या मालकांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. कंपनीने दिलेले ब्रेक काढून त्याजागी मोठ्या डिस्क, चार किंवा सहा पिस्टनचे कॅलिपर आणि शर्यतीच्या दर्जाचे पॅड बसवावेत का? असा संच लाखाच्या घरात जातो, परदेशी गाडीसाठी त्याहून कितीतरी अधिक. एवढा खर्च केल्यावर रोजच्या रस्त्यावर गाडी खरोखर कमी अंतरात थांबते का, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

गाडी थांबवतो कोण?

ब्रेक गाडी थांबवतात, हे विधान अर्धेच खरे आहे. ब्रेक चाक थांबवतात; गाडी थांबवतो तो टायर. चालकाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलमधून दाब कॅलिपरपर्यंत पोहोचतो, कॅलिपरमधील पिस्टन पॅडना डिस्कवर आवळतात आणि चाकाची गती मंदावते. परंतु त्या चाकाने रस्त्याला धरून ठेवायचे काम टायरच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागाला करावे लागते. चारही टायरची मिळून जेवढी पकड असेल, त्याहून अधिक वेगाने कोणतीही गाडी मंदावू शकत नाही. पकडीपेक्षा जास्त जोर लावला तर चाक जाम होते आणि गाडी घसरत जाते.

हे घसरणे टाळण्यासाठीच एबीएस ही यंत्रणा आली. बॉश कंपनीने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लास मोटारीत प्रथम देण्यात आली. चाक जाम होण्याच्या बेतात असल्याचे संवेदकाने ओळखले, की ही यंत्रणा त्या चाकाचा दाब सेकंदात अनेक वेळा कमी-जास्त करते. पेडलखाली जाणवणारी थरथर ती हीच. भारतात एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले.

मूळ प्रश्नाची किल्ली येथेच आहे. जोरात पेडल दाबल्यावर एबीएस सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ ब्रेककडे टायरला पेलवेल त्याहून अधिक ताकद आधीच आहे. तेथे आणखी मोठे ब्रेक बसवले, तर एबीएस थोड्या कमी जोराने सुरू होईल, इतकेच. थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतील. आजच्या बहुतेक सुस्थितीतील मोटारी, आणि स्पोर्ट्स कार तर निश्चितच, महामार्गावरील कायदेशीर वेगातून पहिल्याच जोरदार ब्रेकमध्ये एबीएसपर्यंत पोहोचतात.

अंतराचा हिशेब

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल, तर घर्षणाचा गुणांक ०.८च्या आसपास धरता येतो. ओल्या रस्त्यावर तो ०.५पर्यंत उतरतो. प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने येणारी अंतरे अशी :

ताशी ६० किमी : कोरड्या रस्त्यावर सुमारे ४३ मीटर, ओल्या रस्त्यावर ५३ मीटर.

ताशी ८० किमी : कोरड्यावर सुमारे ६५ मीटर, ओल्यावर ८४ मीटर.

ताशी १०० किमी : कोरड्यावर सुमारे ९१ मीटर, ओल्यावर १२० मीटर.

ताशी १२० किमी : कोरड्यावर सुमारे १२१ मीटर, ओल्यावर १६३ मीटर.

या हिशेबात डिस्कचा व्यास, पिस्टनची संख्या किंवा कॅलिपरचा रंग कुठेही येत नाही. वेग, टायरची पकड आणि चालकाची सावधता, या तीनच गोष्टी त्यात आहेत. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात अर्धा सेकंद आधी ब्रेक लागला, तर जवळपास १४ मीटर वाचतात. टायर बदलून पकड ०.८वरून ०.९वर गेली, तर साडेपाच मीटर वाचतात. एबीएसपर्यंत पोहोचणाऱ्या गाडीत केवळ मोठ्या डिस्कमुळे पहिल्या थांब्यात पदरात पडणारे अंतर मात्र जवळपास शून्य असते.

वेगाचा परिणाम आणखी एका तुलनेतून स्पष्ट होतो. दोन सारख्या गाड्या शेजारून जात आहेत. एकीचा वेग १००, दुसरीचा १२०. दोन्ही चालकांना अडथळा एकाच क्षणी दिसला आणि दोघांनी सारख्याच तत्परतेने ब्रेक मारला. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबते, त्याच ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी सुमारे ७८ किलोमीटर वेगाने धावत असते. अवघ्या २० किलोमीटरच्या फरकाची ही किंमत आहे, आणि ती बाजारातला कोणताही ब्रेकसंच भरून देत नाही.

मग मोठे ब्रेक असतात कशासाठी?

मोठ्या ब्रेकचे खरे काम उष्णता पोटात घेण्याचे आणि ती बाहेर टाकण्याचे असते. ब्रेक म्हणजे गतीची ऊर्जा उष्णतेत बदलणारे यंत्र. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबते, तेव्हा सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. गाडीचा भार ब्रेक लागताना पुढे झुकत असल्याने यातील मोठा वाटा, साधारण ७० टक्के, पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन बिडाच्या डिस्कचे वजन मिळून १८ किलो धरले, तर अशा एका थांब्यात त्यांचे तापमान सुमारे ५० अंशांनी वाढते. रस्त्यावर वापरायचे पॅड काहीशे अंशांपर्यंत व्यवस्थित काम करतात. म्हणजेच अधूनमधून लागणारा एखादा जोरदार ब्रेक मूळ यंत्रणेच्या आवाक्यातला असतो.

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी २०० किलोमीटरवरून थांबताना त्याच डिस्क सुमारे २०० अंशांनी तापतील. शर्यतीच्या धावपट्टीवर हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते आणि दोन वळणांमध्ये डिस्क थंड व्हायला वेळ मिळत नाही. मग पॅडची पकड कमी होऊ लागते, पेडल पूर्वीसारखेच घट्ट असूनही गाडी थांबेनाशी होते. यालाच ब्रेक 'फेड' होणे म्हणतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील किंवा ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर गाडी पळवणाऱ्यांना मोठ्या, हवा खेळणाऱ्या डिस्क, उच्च तापमानाचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल ही चैन नसून गरज असते.

डिस्क ब्रेकचा इतिहासही हेच सांगतो. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते; पण त्याची महती जगाला पटली ती १९५३ मध्ये, फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार सी टाइप गाडीने ती शर्यत जिंकली. बंदिस्त ड्रममध्ये कोंडणारी उष्णता उघड्या डिस्कमधून सहज निघून जाते, त्यामुळे जग्वारचे चालक तासामागून तास तितक्याच विश्वासाने ब्रेक मारू शकत होते. एका थांब्यापेक्षा शंभराव्या थांब्यात डिस्कचे श्रेष्ठत्व दिसले.

घाटाची गोष्ट वेगळी

सार्वजनिक रस्त्यावर ब्रेकची उष्णतेची परीक्षा खऱ्या अर्थाने होते ती घाटउतारावर. विदर्भातील वाचकांसाठी चिखलदऱ्याचे उदाहरण जवळचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गाडी साधारण ७०० मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीसाठी ही ऊर्जा सुमारे एक कोटी ज्यूल, म्हणजे ताशी १००वरून जवळपास १८ वेळा थांबण्याइतकी होते. हवेचा विरोध आणि इंजिन त्यातला बराच भाग उचलतात. परंतु गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर तो सारा भार पॅडवर येतो. बोरघाट, कसारा, आंबोली, ताम्हिणी या सर्वच घाटांना हे लागू आहे.

येथेही पहिला उपाय मोठे ब्रेक हा नसून खालचा गिअर हा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा जुना नियम स्पोर्ट्स कारलाही लागू पडतो. ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी ठाम दाबून पुन्हा सोडल्यास डिस्कला थंड होण्यास अवधी मिळतो. ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली आणण्याची सोय असते. ती अनेक मालक कधी वापरतच नाहीत.

दुर्लक्षित ब्रेक ऑइल

घाटात 'ब्रेक फेल' झाल्याच्या घटनांत अनेकदा एक साधे कारण दडलेले असते : जुने ब्रेक ऑइल. नेहमीच्या वापरातील डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइल हवेतील ओलावा शोषून घेतात. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यानंतर तोच १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ३साठी हे आकडे २०५ आणि १४० असे आहेत, तर डॉट ५.१साठी २६० आणि १८०. तापलेल्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळले, की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. परिणामी पेडल स्पंजासारखे मऊ होऊन तळाला टेकते आणि गाडी धावतच राहते.

पावसाळ्यात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गोंदियासारख्या जिल्ह्यात ओलाव्याचा प्रश्न अधिकच खरा आहे. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्या मुदतीत, ब्रेक ऑइल बदलणे आवश्यक असते. या कामाचा खर्च मोठ्या ब्रेकसंचाच्या तुलनेत नगण्य आहे. सिलिकॉनवर आधारलेले डॉट ५ हे ऑइल नावाने डॉट ५.१सारखे दिसले, तरी ते वेगळे आहे. इतर ऑइलमध्ये ते मिसळू नये. एबीएस असलेल्या गाड्यांसाठी ते सहसा वापरलेही जात नाही.

सुट्या भागांचे खरे-खोटे

बाजारात विकल्या जाणाऱ्या ब्रेकच्या भागांबाबत अनेक समजुती रूढ आहेत. त्यांतील प्रमुख अशा :

शर्यतीचे पॅड : हे पॅड तापल्यावरच पूर्ण पकड देतात. सकाळी घरातून निघून पहिल्याच चौकात ब्रेक मारावा लागला, तर थंड अवस्थेत ते मूळ पॅडपेक्षा कमी परिणामकारक ठरू शकतात. शिवाय ते किंचाळतात, डिस्क लवकर झिजवतात आणि चाकांवर काळी धूळ साचवतात. रस्त्यासाठी बनवलेले चांगल्या प्रतीचे पॅड मात्र माफक खर्चात उपयुक्त सुधारणा ठरू शकतात.

भोके असलेल्या डिस्क : पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू बाहेर पडत असे, तो निघून जावा म्हणून भोके पाडण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा उरलेला नाही. हलक्या प्रतीच्या डिस्कमध्ये भोकांच्या कडेने तडे जाण्याचा धोका असतो. खाचा असलेल्या डिस्क त्या मानाने टिकाऊ असतात; परंतु पॅड लवकर झिजवतात.

स्टीलच्या जाळीचे होज : जुने रबरी होज दाबाखाली किंचित फुगतात. स्टीलची जाळी असलेल्या होजमुळे पेडल अधिक घट्ट आणि नेमके वाटते. थांबण्याचे अंतर मात्र त्यामुळे फारसे बदलत नाही.

कार्बन-सिरॅमिक डिस्क : पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ या गाडीत त्या दिल्या. बिडाच्या डिस्कपेक्षा त्यांचे वजन सुमारे निम्मे, त्या गंजत नाहीत आणि प्रचंड उष्णता सहन करतात. चाकांचे वजन घटल्याने गाडीची हाताळणीही सुधारते. मात्र त्यांची किंमत अनेक लाखांत जाते आणि रस्त्यावरील एका थांब्याचे अंतर त्यांच्यामुळेही टायरच्या मर्यादेपलीकडे घटत नाही.

मोठे कॅलिपर : पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले, की त्यांना हलवायला अधिक ऑइल लागते. मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल अधिक खोल जाते. फक्त पुढचे ब्रेक वाढवले, तर पुढचा-मागचा तोल बिघडतो. मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचे अंतर वाढूही शकते. कंपनीने एबीएसचे गणित मूळ ब्रेकच्या मापांवर बेतलेले असते, हेही विसरता येत नाही. मोठी डिस्क सामावण्यासाठी चाकही मोठे घ्यावे लागते, म्हणजे टायर, सस्पेन्शन आणि खड्ड्यांचा त्रास असा खर्चाचा दुसरा अध्याय सुरू होतो.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव असलेली इटलीची ब्रेम्बो कंपनी १९६१ मध्ये बेर्गामोजवळ स्थापन झाली आणि १९७५पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवू लागली. तिचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे. तिच्या 'बायब्रे' या नाममुद्रेचे ब्रेक महाराष्ट्रात बनणाऱ्या केटीएमच्या मोटारसायकलींवर रोज दिसतात. ब्रेक उत्तम दर्जाचे असणे आणि ते त्या विशिष्ट गाडीसाठी आखलेले असणे, यात दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कंपनीतूनच मोठे ब्रेक घेऊन आलेल्या गाडीत सारी यंत्रणा एकमेकींशी जुळवलेली असते. बाहेरून आणून बसवलेल्या संचात ती हमी नसते. नामांकित कंपन्यांच्या नावाने विकले जाणारे बनावट पॅड आणि डिस्क हा तर वेगळाच धोका आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

झिजलेले पॅड, डिस्क किंवा ऑइल त्याच मापाच्या व दर्जाच्या भागांनी बदलणे ही देखभाल आहे. त्याला आडकाठी नाही. परंतु कॅलिपर, डिस्क आणि चाकांची मापेच बदलणारा संच बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे ठरते. वाहनातील बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर भरपाईचा दावा वादात सापडू शकतो. नवी मोटार बाजारात येण्यापूर्वी तिच्या ब्रेकची चाचणी पुण्यातील 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्थेत होते. गॅरेजमध्ये बसवलेल्या संचाची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते.

वेगमर्यादेचा संदर्भही येथे आवश्यक आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेनुसार मोटारींसाठी कमाल मर्यादा द्रुतगती मार्गांवर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर अशी ठरवण्यात आली. राज्य सरकार ती कमी करू शकते. रस्त्यावरील फलकाचा आकडा बंधनकारक असतो. ताशी अडीचशे किलोमीटरचा वेग गाठू शकणाऱ्या गाडीचे मूळ ब्रेक त्या वेगाचा विचार करून बनवलेले असतात. कायद्याने १०० किलोमीटरच्या आत चालणाऱ्या चालकासाठी ते आधीच गरजेपेक्षा मोठे आहेत.

रस्त्यांनी शिकवलेले धडे

सौंदडच्या परिसरातील रस्त्यांनी याचे कठोर दाखले दिले आहेत. महामार्गाच्या उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील प्राण्यांची ये-जा या पट्ट्यातून चालते. कोहमारा-गोंदिया रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने एका वाघाचा जीव गेला. त्याच रस्त्यावर सडक अर्जुनी तालुक्यात २९ नोव्हेंबर २०२४ रोजी एसटी महामंडळाची बस उलटून ११ जणांना प्राण गमवावे लागले. समोर आलेल्या दुचाकीला वाचवण्याच्या प्रयत्नात बसवरचा ताबा सुटल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

रात्रीच्या जंगलात प्रश्न ब्रेकचा कमी आणि दृष्टीचा अधिक असतो. डिप्पर दिलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश साधारण ५० ते ६० मीटरपर्यंतच पोहोचतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे ताशी ८० किलोमीटरवरून कोरड्या रस्त्यावर थांबायलाही ६५ मीटर लागतात. म्हणजे डिप्परवर ८०च्या वेगाने जाणारा चालक त्याला न दिसणाऱ्या अंतरात शिरत असतो. वेग ६०वर आणला की थांबण्याचे अंतर दिव्यांच्या टप्प्यात येते. प्राणी समोर आलाच, तर स्टिअरिंग झटक्याने वळवण्याऐवजी सरळ रेषेत पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून ठेवणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित असते. एबीएसची थरथर जाणवल्यावर घाबरून पाय सैल करणे, ही नवख्या चालकांची सर्रास आढळणारी चूक होय.

धान कापणीच्या दिवसांत रस्त्यावर सांडलेली तणस आणि चिखल, उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरीत डांबरावर पसरणारा तेलमातीचा थर, यांमुळे पकड आणखी घटते. ताशी १०० किलोमीटरवर पकड ०.५वरून ०.३५वर आली, तर केवळ ब्रेकचे अंतर ७९ मीटरवरून ११२ मीटरवर जाते. झिजलेल्या टायरची ओल्या रस्त्यावर अशी अवस्था होऊ शकते.

मोठ्या शहरांतील अनुभवही निराळा नाही. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४च्या पहाटे पोर्शे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. ती मोटार ज्या श्रेणीतील होती, त्या श्रेणीत जगातील उत्तम ब्रेक कारखान्यातूनच बसवून येतात.

खर्च कुठे करावा?

ब्रेकसाठी राखून ठेवलेली रक्कम कोणत्या क्रमाने वापरावी, याचे उत्तर वरील विवेचनातून मिळते.

पहिला क्रमांक टायरचा. नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. ओल्या रस्त्यासाठी त्याआधीच टायर बदलणे हिताचे. टायरच्या बाजूवरील चार अंकी खुणेतून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला हे कळते. नक्षी शिल्लक असली, तरी फार जुना टायर कडक होतो. हवेचा दाब दर पंधरवड्याला, टायर थंड असताना तपासावा.

दुसरा क्रमांक ब्रेक ऑइलचा आणि तिसरा चांगल्या दर्जाच्या, रस्त्यासाठीच्या पॅडचा. पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली, की ते बदलावेत. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क वापरू नये. नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर नीट बसेपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर अचानक जोरदार ब्रेक टाळावेत.

त्यानंतरही काहींसाठी मोठ्या ब्रेकची गरज उरते. गाडी नियमितपणे धावपट्टीवर नेणारे, बंद मार्गावरील रॅलीत भाग घेणारे, किंवा ब्रेक मुळातच दुबळे असलेली जुनी गाडी जतन करणारे मालक यांचा त्यात समावेश होतो. कुर्ल्यात तयार झालेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत पुढे डिस्क बसवण्याने खरा फरक पडू शकतो. तेथेही काम जाणकार अभियंत्याकडून, पुढचा-मागचा तोल साधून आणि परिवहन कार्यालयाच्या परवानगीनेच व्हायला हवे.

रोज कार्यालयात जाण्यासाठी आणि सुटीच्या दिवशी महामार्गावर फेरफटका मारण्यासाठी स्पोर्ट्स कार वापरणाऱ्याने मात्र मोठ्या ब्रेकसंचाचा खर्च करण्याचे सबळ कारण नाही. रंगीत कॅलिपर जाळीदार चाकांतून उठून दिसतात, ही हौस असू शकते. ती सुरक्षेच्या नावाखाली विकत घेऊ नये. मोठ्या ब्रेकमुळे गाडी हवी तेव्हा थांबेल, असा खोटा विश्वास निर्माण होऊन चालक पुढच्या वाहनाच्या अधिक जवळ जाऊ लागला, तर त्या खर्चाने धोका वाढवलाच म्हणायचा.

थोडक्यात

- जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस सुरू होत असेल, तर थांबण्याचे अंतर टायर ठरवतो, ब्रेक नव्हे.
- मोठ्या ब्रेकचा फायदा वारंवार, अतिवेगातून थांबताना; म्हणजे मुख्यतः धावपट्टीवर.
- घाट उतरताना खालचा गिअर आणि ताजे ब्रेक ऑइल हे पहिले उपाय.
- शर्यतीचे पॅड थंड असताना कमी पकडतात. शहरात वापरू नयेत.
- मूळ मापे बदलणारा संच बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनीला लेखी विचारावे.
- रात्री जंगलाच्या पट्ट्यात डिप्परवर वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर नेऊ नये.